पोटात 'पास'ची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे आणि माझ्यात काहीही बिघाड नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण एका आठवड्यात माझं पोट तीनदा उघडलं गेलं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे शेवटच्या टेबलापाशी एक तपासनीस बसत. जरा खरखर आली की लाल खडूची फुली आणि माल परत. माझ्यापाशी त्यांनी बराच वेळ कान लावला, मान डोलावली आणि माझ्या पोटात आपल्या सहीची 'पास' अशी चिठ्ठी चिकटवली. पुढे मला घरीही तेच घेऊन आले. कितीतरी वर्षं मी मऊ, इस्त्री केल्यासारखी गाणी वाजवली. पाहुणे म्हणत, "काय स्वच्छ आवाज आहे," आणि तपासनीस असे लाजत, जणू गळा त्यांचाच. मग टीव्ही आला. माझ्या झाकणावर आधी कुंडी आली, मग रद्दी.

एका सोमवारी त्यांच्या मुलीने ती कुंडी आणि रद्दी उचलली. ती इलेक्ट्रिक गिटार वाजवते. बाबा कधी ऐकायला गेलेले नाहीत. तिने ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या दुःखाच्या गाण्यांची, एक जुनी तबकडी माझ्यावर ठेवली.

"शनिवारी आम्ही हीच गाणी वाजवणार आहोत, बाबा. एक बाजू पुरती ऐका, मग यायचं का ते ठरवा. नाही आलात तर पुन्हा विचारणार नाही."

ती गेल्यावर त्यांनी सुई टेकवली. दुखावलेला गायक एक ओळ म्हणायचा आणि ती संपली की गिटार किंचाळून उत्तर द्यायची. ही गिटार मुद्दामच तशी वाजवतात, आवाज कडेला फाटेपर्यंत. तपासनिसांनी दुसऱ्याच ओळीला मला बंद केलं. "स्पीकर गेलाय."

मंगळवारी स्पीकरच्या तारा सोडवल्या. बुधवारी सुई बदलून आतलं सगळं पुसलं. गुरुवारी माझी मोटर टेबलावर. दरवेळी दोन ओळी ऐकायच्या, तोंड वाकडं करायचं आणि स्क्रूड्रायव्हर उचलायचा. अहो, फाटतोय तो मी नाही, असं ओरडावंसं वाटे. पण मला स्वतःचा आवाज कुठे? मी बोलणार ते दुसऱ्याचंच.

"आत तुमचीच चिठ्ठी आहे ना?" त्यांची बायको म्हणाली. "मग कान तेव्हा चुकला की आता?"

हे बरोबर वर्मी लागलं. शुक्रवारी ते दोष टिपायला वही घेऊन बसले. टिपायचं म्हणजे गाणं चालू ठेवणं आलं. ओळ संपली, खरखर. ओळ संपली, खरखर. पान भरलं तशी पेन्सिल थांबली.

"बिघाड असा शिस्तीत येत नाही," ते पुटपुटले. "तो कुणाचं बोलणं संपायची वाट बघत नाही."

बाजू संपली. त्यांनी वही मिटून तीच बाजू पुन्हा लावली.

शनिवारी दोघं नवरा-बायको जाऊन आले. मुलगीही सोबत आली, गिटार पाठीवर.

"मग, बाबा?"

"आवाज फाटतो तुझा," तपासनीस म्हणाले. "पण अगदी वेळेवर."

माझी माफी मात्र कुणी मागितली नाही. उलट मला जोडताना एक स्क्रू उरला, तो कुंडीत पडून आहे. तेव्हापासून मी खरोखरच खरखरतो. आता तपासनीस डोळे मिटून मान डोलावतात आणि म्हणतात, गाण्यातलंच आहे.

तेव्हा मित्रांनो, नवीन काही कानावर आलं तर निदान एक बाजू संपेपर्यंत हात मांडीवर ठेवा. आणि कुणाला उघडलंतच, तर मिटताना स्क्रू मोजा.