साबणाची काच

ठक्. ठक् ठक्.

"आला गं तुझा पाहुणा," खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं डोक्यावरून पांघरूण ओढलं. रात्रभर हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी उपसून ती सकाळी घरी आली होती. अंथरुणाला पाठ टेकते न टेकते तोच मागच्या दाराच्या काचेवर चोच वाजायला लागली. आठवडाभर हेच चाललं होतं. काल पाळीवर उभ्या उभ्या डुलकी लागली आणि हात इस्त्रीच्या तापलेल्या रुळापाशी गेला. मुकादमानं मागं ओढलं म्हणून बोटं वाचली. "पुन्हा असं झालं तर घरीच बसा," तो म्हणाला होता. घरी बसून कसं भागणार? नवरा गेल्यापासून संसाराचा गाडा ती एकटीच ओढत होती.

सासूबाईंच्या मते पक्षी उपाशी होता. दार किलकिलं करून त्या दाणे टाकत, तो ढुंकूनही बघत नसे. माणसाच्या खांद्याला लागेल एवढा उंच, राखाडी, लाल मानेचा. काचेशी उभा राहायचा आणि ठोकत बसायचा.

शेवटी कुंपणापलीकडच्या वायरमननं कोडं सोडवलं. "ताई, सारस आहे तो. जोडी होती त्यांची. त्याची मादी तारांना धडकून मेली, मीच खाली काढली. हा काचेत स्वतःला बघतो आणि तीच आहे समजतो. तुमची काच तरी केवढी लख्ख! साबण फासा, येईल वठणीवर."

काच लख्ख होती, कारण डाग दिसला की सुनेचे हात शिवशिवायचे. सासूबाई म्हणत, ही एक दिवस माझ्या सुरकुत्यासुद्धा घासून काढील. आपल्याच हातानं काच मळवणं तिच्या अगदी जिवावर आलं. पण झोपेपुढे काय करणार? तिनं अख्खी काच पांढरी करून टाकली.

दुसऱ्या दिवशी ठकठक झाली नाही. साबणाआड उंच सावली आली, थांबली, दाराच्या एका कडेला गेली, दुसऱ्या कडेला गेली. मग पक्षी एकदाच ओरडला. भांडी हादरतील असा तो आवाज होता.

"शोधतोय गं."

"दोन दिवसांत सवय होईल त्याला, आई."

"हो. होते सवय," सासूबाई म्हणाल्या.

सून कूस बदलून पडून राहिली. समोरच कपाटाच्या दाराला नवऱ्याचा सदरा टांगलेला होता. कॉलर घामानं काळवंडलेली, खिशाला वंगणाचा डाग. घरातला तेवढा एकच कपडा तिनं कधी धुतला नव्हता, आणि सासूबाईंनीही कधी विचारलं नव्हतं. तिला एकदम रडू आलं. स्वतःचा रागही आला.

ती उठली. ओल्या फडक्यानं पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर हातभर काच पुसली. मग वळकटी उचलून स्वयंपाकघरात गेली. तिथं पाय पसरायला जागा नव्हती. कानात कापसाचे बोळे घालून, गुडघे पोटाशी घेऊन ती पडली.

थोड्या वेळानं ठक् ठक् सुरू झालं.

सासूबाईंनी खुर्ची काचेजवळ ओढली.

"आहे रे बाबा, इथंच आहे ती," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण जरा हळू ठोक. पोर आत्ताच झोपलीय."