दोरानं न्यायची नाही

दुर्गापूरच्या नव्या पोलाद कारखान्यात मुकुंदाला नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि त्याची मोटरसायकल बिघडून अंगणात उभी होती. इंजिनाच्या खालच्या पेटीला तडा गेला होता. कारखान्यातला एक फिटर ती दोन दिवसांत सांधून देणार होता. राहायचं क्वार्टर मात्र कामापासून पाच मैलांवर, आणि मध्ये ना बस ना रिक्षा. रेल्वेनं पाठवावी तर पंधरा दिवस. तेव्हा ती दिगंबरदादाच्या मोटारीमागून न्यायची, इथपर्यंत कलकत्त्यात भवानीपूरच्या त्या घरात सगळ्यांचं एकमत होतं. कशी न्यायची, यावर मात्र दादाचं एकट्याचंच एकमत झालं.

दादा खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सचा अधिकारी. वडील गेले तेव्हा मुकुंदा नऊ वर्षांचा होता. त्याला दादानंच वाढवलं, म्हणून आता इंजिनिअर झाला तरी तो दादापुढे हूं की चूं करत नसे. मधली शारदा मुलींच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. तिच्या एम.एस्सी.चा घराला अभिमान होता, पण तो पाहुण्यांना सांगण्यापुरता.

दादाचं म्हणणं साधं होतं. मोटारीला दोर बांधायचा आणि मुकुंदानं मागे मोटरसायकलवर बसून तोल सांभाळायचा. एकशे दहा मैल. शारदानं शांतपणे सांगून पाहिलं की दोर ओढू शकतो, थांबवू शकत नाही. मोटारीला ब्रेक लागला की मोटरसायकल पुढेच येत राहणार, दोर ढिला पडणार, आणि मोटार पुन्हा निघाली की हिसका बसणार. ग्रँड ट्रंक रोडवर मागून ट्रक येत असतात. दादानं वर्तमानपत्राचं पान उलटलं.

मग मुकुंदानंच सुचवलं की मोटारीच्या मागे फळ्या ठोकून मोटरसायकल आडवी बांधावी. शारदानं पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले. तीनशे ऐंशी पौंडांचं ओझं मागच्या आसापासून तीन फूट मागे लोंबलं, तर पुढच्या चाकांवरचा भार एकशे चाळीस पौंडांनी कमी होईल आणि सुकाणू हलकं पडेल. मुकुंदानं आकडे पाहिले आणि मान डोलावली. दोराचंही त्याला कळलं होतं. ते तो जिन्यात तिच्यापाशी बोलला, दादापुढे नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर शारदा ट्रामनं खिदिरपूरला गेली. तिथे श्यामसुंदर नावाचा एक कंत्राटदार बोटींची इंजिनं वाहून न्यायचा. त्याच्याकडे दोन चाकांचा ट्रेलर होता. मोटारीला ट्रेलर जोडायचा आकडा बसवून द्यायलाही तो तयार झाला. अडचण एकच होती, ट्रेलर रविवारी सकाळपर्यंत मोकळा होणार नव्हता.

"रविवारी पश्चिमेला दिशाशूल," दादा म्हणाला. "पहिल्या नोकरीला पोराला वाईट दिशेनं धाडू? शनिवारी सकाळी नऊ-वीसला निघायचं."

"आणि दोराला बांधून धाडशील?"

"तुझं ते कॉलेजातल्या मुलींना शिकव, शारदे. मी अठरा वर्षं गाडी हाकतोय."

शुक्रवारी दुपारी त्यानं गल्लीतच तालीम घेतली. चाळीस पावलांवर एक हातगाडी आडवी आली. दादानं ब्रेक दाबला, मागे मुकुंदानंही दाबला. हातगाडी गेली आणि दादा निघाला. दोर सटकन ताणला, मोटरसायकलचं पुढचं चाक वाकडं फिरलं आणि मुकुंदा रस्त्यावर आपटला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलवटली होती. मोटारीतून उतरून दादानं आधी मोटरसायकलचा दिवा तपासला.

"ब्रेक कशाला मारलास? उद्या जरा सांभाळून बस."

शारदा मुकुंदाच्या हातावर आयोडिन लावत होती. संतापात ती इतकी जोरानं चोळत होती की शेवटी दादाच्या बायकोनं, प्रेमलतावहिनीनं, कापूस तिच्याकडून काढून घेतला. डोळ्यांसमोर पडला तरी पुरावा नाही! वर्गातल्या सोळा वर्षांच्या मुलीनं असं केलं असतं, तर तिनं तिला पुन्हा प्रयोग करायला लावला असता. इथे पुन्हा प्रयोग म्हणजे मुकुंदा होता.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं वडिलांची एक रीत काढली. शारदाचा स्वतःचा त्या रीतीवर काडीचाही विश्वास नव्हता. शुभ दिवशी निघणं जमत नसेल, तर प्रवाशाची एखादी वस्तू त्या दिवशी जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात, मग माणूस दुसऱ्या दिवशी का निघेना.

"दादा, उद्या नऊ-वीसला प्रस्थान ठेवू या, आणि रविवारी ट्रेलर घेऊन निघा."

दादाचा घास हातातच राहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

"हे आधी का नाही सुचलं तुला? एवढी शिकलेली तू."

शारदा पानावरून उठली. मागे भात तसाच राहिला.

शनिवारी तिनंच मुकुंदाच्या रुमालात तांदूळ आणि सुपारी बांधून पश्चिमेकडच्या घोषमास्तरांच्या घरी नेऊन दिली. आपण जिंकलो असं तिला क्षणभरही वाटलं नाही. आकडे हरले होते आणि सुपारी चालली होती.

रविवारी ट्रेलर आला. ती खाली उतरेपर्यंत दादानं मोटरसायकल चढवून बांधलीही होती. हँडल मोटारीच्या काचेला लागू नये म्हणून पार मागे सरकवून. शारदानं ट्रेलरचा पुढचा दांडा उचलून पाहिला. एका बोटावर वर आला.

"सगळं वजन आसाच्या मागे गेलंय," ती म्हणाली. "वेगात हा शेपटीसारखा हलेल आणि गाडीला रस्त्याबाहेर ओढेल. पुढे घ्यायला हवी."

"आता पुन्हा सोडायची? बाजूला हो, उशीर होतोय."

या वेळी पंचांगात तिच्या कामाचं काही नव्हतं. ती ट्रेलरवर चढली आणि पट्ट्याची पहिली गाठ सोडू लागली. दादा ओरडला, शेजारच्या खिडक्या उघडल्या, वहिनी दारातून "वन्सं, अहो वन्सं" म्हणत राहिली. शारदानं दुसरी गाठ सोडली.

"त्याला तू वाढवलंस, दादा, म्हणून मी इतके दिवस हळू बोलत होते," ती मान वर न करता म्हणाली. "परवा तो पडला तेव्हा तू दिवा पाहिलास. आता ही पुढे सरकेपर्यंत मी इथून उतरणार नाही. मला ओढून काढायचं असलं तर काढ."

मग मुकुंदा सोललेल्या हातानं ट्रेलरची कड धरून वर चढला.

"दादा, ताईचं बरोबर आहे," तो म्हणाला. "दोराचंही बरोबर होतं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

दोघांनी मिळून मोटरसायकल हातभर पुढे ओढली. काचेला लागू नये म्हणून शारदानं हँडल वळवून बांधलं. मोटारीच्या आकड्यात अडकवायला दांडा आता दोन्ही हातांनी उचलावा लागला. दादा स्टिअरिंगवर समोर बघत बसून होता. वहिनी आणि मुकुंदा बसले. निघताना दादानं तिच्याकडे पाहिलं नाही, आणि तिनंही हात हलवला नाही.

कोपऱ्यावर मोटार वळली. ट्रेलर तिच्यामागे न डुलता वळला. शारदा ग्रीसनं काळे झालेले हात अंगापासून दूर धरून रस्त्यात उभी होती. राग जराही उतरला नव्हता.