घाणेवाल्याच्या घरची सायकल

भीमाशंकर अण्णांनी तेलाच्या कुपीचं टोक सायकलच्या चकतीच्या कडेला टेकवलं आणि बुडावर अंगठा दाबला. तेलाचा टपोरा थेंब चकतीवर पडला. त्यांनी चाक हलक्या हातानं फिरवलं, थेंब सगळीकडं पसरला, मग आणखी एक सोडला आणि मागच्या चाकाकडं सरकले. नुकतीच अंघोळ झाली होती, कपाळावरची विभूती अजून ओली होती, पूजा व्हायची होती. देवाच्या आधी सायकल, असा क्रम गेल्या पंधरवड्यापासून चालला होता आणि घरात कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

सायकल शिवप्रियाची. अण्णांची ही एकुलती एक लेक लोहारा गावच्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. एसटी कधी वेळेवर येते, कधी येतच नाही. अण्णा म्हणाले, स्कूटी घेऊन देतो, तर ही म्हणाली, "मला सायकल करायचीय." घ्यायची नव्हे, करायची. अण्णांना वाटलं, बोलायची एक पद्धत असेल. पण मग पुण्याहून खोक्यात नुसता सांगाडा आला, मागून चाकं आली, एडक्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल आलं, आणि पोरीनं ओसरीवर पोतं अंथरून, मोबाईलवर बघत बघत, सगळं जोडायला घेतलं. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल चाकाला बसला की साधा ब्रेक धरत नाही. म्हणून या सायकलच्या दोन्ही चाकांना मधोमध एकेक पोलादी चकती होती आणि चकतीला दोन्ही अंगांनी धरणारा चिमटा. चिमट्याला जोर कशाचा, तर नळीत भरलेल्या तेलाचा. ते तेल तिनं सिरिंजनं भरलं, हवेचा एक बुडबुडा राहू न देता, शिरेत सुई घालणाऱ्या सवयीच्या हातानं. अण्णा समोर मांडी घालून बघत बसले होते. तेलाच्या जोरावर थांबणारी वस्तू आपल्या लेकीनं केली, याचं त्यांना कोण कौतुक.

मग काय, अण्णांना गाव पुरेना. येईल जाईल त्याला हाताला धरून ओसरीवर आणायचे.

"हे बघा. नुसती हाडं आली होती खोक्यातनं. माझ्या पोरीनं उभी केली."

खंडेनवमीला घाण्याशेजारी सायकलही उभी राहिली, झेंडूचा हार तिलाही पडला.

पण रस्त्यावर आली तशी सायकल ओरडायला लागली. भूकंपानंतर वसलेल्या सास्तूरचे रस्ते एका रेषेत आखलेले. एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. बसप्पाच्या किराणा दुकानापाशी वळण येई, शिवप्रिया ब्रेक दाबी आणि असा कर्रर्र आवाज निघे की ओट्याखालची कुत्री उठून उभी राहत. बसप्पाच्या जिभेला तर हाड नाहीच.

"काय ओ अण्णा," तो भर दुकानात म्हणाला, "सगळ्या गावाला तेल देता अन् घरची गाडी तेलापायी बोंबलतीय? दिव्याखाली अंधार म्हणायचा."

माणसं हसली. अण्णाही हसले, पण वरवरचं. वडिलांपासूनचा घाणा त्यांचा. आधी बैल फिरायचा, आता मोटर फिरते, पण करडई तीच आणि तेलही तेच. सास्तूरच्या दारांच्या बिजागऱ्या, शिलाई मशीनी, महादेवापुढचा नंदादीप, सगळं त्यांच्या तेलावर चालायचं. "माझ्या तेलानं कुणाचं वाईट झालं न्हाय," हे ते गिऱ्हाइकाच्या किटलीत तेल ओतता ओतता दिवसातून चारदा तरी बोलायचे. बसप्पाचं बोलणं त्यांना कुसळासारखं टोचत राहिलं.

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला विचारलं. गावाचे ते अण्णा, तिचे अप्पा.

"थोडं तेल सोडू का गं तिला?"

"अप्पा, हात लावू नका हं. नवा ब्रेक आहे, ओरडणारच. घासून बसला की गप्प होईल."

हात लावू नका म्हणे. तिच्या आजोबांपासून या घरात ओरडणाऱ्या वस्तूला एकच औषध होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णांनी कुपी उचलली.

आणि काय सांगावं, त्या सकाळी सायकल बसप्पाच्या दुकानावरून हूं की चूं न करता गेली. अण्णा घाण्याच्या दारात उभे होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. बसप्पानं एकदा इकडं बघितलं आणि मुकाट्यानं तराजू पुसायला लागला. त्या दिवशी अण्णांना साधी आमटी-भाकरी पुरणपोळीसारखी लागली.

संध्याकाळी येताना मात्र ती पुन्हा ओरडली आणि आधीपेक्षा जोरात ओरडली. शिवप्रिया हातपाय धुवायच्या आधी सायकलपाशी बसली. चकती स्पिरिटनं पुसली, चिमटा खोलला, परत बसवला. मग हे रोजचंच झालं. अण्णांनी विचारलं की "काही न्हाय, बघतीय" एवढंच म्हणायची. बापानं गावभर डंका पिटलेला, त्याच्यापुढं बिघडलंय असं ती कोणत्या तोंडानं सांगणार? आणि अण्णांचं गणित सरळ होतं. जितकी ती ओरडे, तितकं ते तेल जास्त सोडत.

कार्तिकातल्या एका सोमवारी शिवप्रिया सायकल हातात धरून चालत घरी आली. कोपर सोललेलं, ड्रेसला माती, केसांत तुरीची पानं. तिची आई शांतम्मा पीठ मळत होती. ती तशीच भरल्या हातांनी बाहेर आली.

"शिव शिव. काय झालं गं?"

"ओढ्याच्या उतारावर उसाची बैलगाडी आडवी आली. ब्रेक दाबला, लागलाच न्हाय. तुरीत घातली सायकल, म्हणून वाचले."

शांतम्मानं हात धुऊन हळद आणली. अण्णा पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसले. हळद लागताना पोरीनं डोळे मिटले, पण रडली नाही.

"अप्पा, मी सायकल विकणार आहे. उमरग्याला अक्रम सर म्हणून आहेत, कॉलेजात शिकवतात, त्यांना अशी हवीय. रविवारी बघायला येतो म्हणालेत."

"अगं, एकदा पडलं म्हणून कुणी..."

"पडले म्हणून न्हाय." तिनं सायकलकडं बोट केलं. "चकतीवर तेल येतंय. रोज पुसते, रोज परत येतं. ब्रेकच्या नळीतलंच असणार, दुसरं कुठून येईल? नळीचा जोड मी बसवलाय. दोनदा काढून परत बसवला तरी गळतोय. अन् चकतीला थेंबभर तेल लागलं तरी ब्रेक धरत न्हाय. मला जमलंच न्हाय, अप्पा. तुम्ही उगं सगळ्या गावाला सांगत बसला."

अण्णांच्या हातातला तांब्या हातातच राहिला. त्यांना आधी दिसलं ते बैलगाडीचं चाक, उसाच्या ओझ्यानं दबलेलं, आणि त्याच्यापुढं आपली पोर. त्यांनी उजव्या हाताची बोटं धोतराला पुसली, पुन्हा पुसली आणि उठून आत गेले.

सकाळी शिवप्रिया डबा घेऊन एसटीच्या थांब्याकडं चालत गेली. ती दिसेनाशी झाल्यावर अण्णा सायकलपाशी बसले. चकतीवरून बोट फिरवलं आणि नाकाला लावलं. उगीच आशा होती, की तेल नळीतलंच निघेल. पण करडई आणि तीही आपल्या घाण्याची, हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी कळलं असतं.

आता गप्प बसलं तर काय बिघडतं, असं त्यांच्या मनात आलं. पोर एसटीनं सुखरूप जाईल, सुखरूप येईल. सायकल उमरग्याला जाईल, तिच्याबरोबर हा विषयही जाईल आणि तेलाचं नाव राहील. दोन-तीन दिवस ते हेच स्वतःला सांगत राहिले. गिऱ्हाईक आलं की मापानं ओतायचे, पण ते रोजचं वाक्य तेवढं तोंडातून निघत नव्हतं.

मग शुक्रवारी शांतम्माच्या मिक्सरचं भांडं अडकून बसलं. तिनं ते लेकीपुढं सरकवलं. लहानपणी बापाचा रेडिओ खोलून बसलेली पोर ती. घरात काही अडलं की पहिली तीच पाना घेऊन धावायची.

"कुणाला तरी दाखव आई," शिवप्रिया म्हणाली. "माझ्या हातून नको."

अण्णा दारात होते. त्यांनी ते ऐकलं. पान्यांचा डबाही तिनं माळ्यावर टाकला होता, हेही त्यांना तेव्हाच दिसलं.

रविवारी अक्रम सर आले. शिवप्रियाच्याच वयाचा, हसतमुख पोरगा. सायकल बघायला कोण आलंय म्हणून बसप्पा आणि आणखी दोघं-तिघं ओसरीच्या पायरीशी येऊन उभे राहिले. अक्रमनं सायकल उचलून बघितली, चाकं फिरवली, नळ्या कुठून कुठं गेल्यात ते वाकून बघितलं.

"कुठल्या दुकानात जोडून घेतली?" त्यानं विचारलं. "लई सफाईचं काम आहे."

"इथंच जोडली," शिवप्रिया म्हणाली. मग तिनं मान खाली घातली. "एक सांगून ठेवते, सर. ब्रेकच्या नळीचा जोड गळतो. मी बसवलाय, दोष माझा आहे. तुम्ही चांगल्या माणसाकडून करून घ्या."

अण्णा आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कुपी होती. ती त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी पायरीवर ठेवली.

"जोड गळत न्हाय," ते म्हणाले.

"अप्पा, तुम्हाला त्यातलं..."

"तेल माझं हाय. करडईचं. वास घेऊन बघ. रोज पहाटं म्या सोडत होतो, गाडी ओरडू नये म्हणून." मग ते अक्रमकडं वळले. "पोरीच्या कामात खोट न्हाय, सर. पोरीला पाडलं ते माझ्या तेलानं."

बसप्पा स्वतःच्या चपलांकडं बघत राहिला.

शिवप्रियानं चकतीवरून बोट फिरवून वास घेतला. या घरात उशीपासून भाकरीपर्यंत सगळ्यालाच करडईचा वास, मग तो वेगळा कसा कळणार? तिनं आतून पांढरा कापूस आणला, नळीच्या जोडाभोवती दाबून फिरवला आणि उजेडात धरला. मागच्या चाकाचाही जोड तसाच बघितला.

"कोरडा आहे," ती म्हणाली. "आठवडाभर उभी आहे, तरी कोरडा आहे."

अण्णा ऐकायला तयार उभे होते. पोर चिडेल, चारचौघांत बोलेल आणि तिनं बोलावंच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. शिवप्रियानं वर बघितलं तर डोळे भरलेले आणि तोंडभर हसू.

"म्हणजे मला जमलं होतं, अप्पा."

"पयल्या दिवसापासनं," अण्णा म्हणाले.

अक्रमनं सीटवरचा हात काढून घेतला.

"मग ही विकूच नका, ताई. माझ्यासाठी अशीच एक जोडून द्याल का, ते सांगा."

"देते की. पण घाण्यापासून लांब ठेवावी लागेल."

आता बसप्पा हसला आणि त्याच्या मागून अण्णाही. या वेळचं त्यांचं हसू वरवरचं नव्हतं.

दुपारी पान्यांचा डबा माळ्यावरून खाली आला. शिवप्रियानं चकत्या स्पिरिटनं घासल्या, चिमट्यातले तेल प्यालेले जुने पॅड फेकून दुरुस्तीसाठी आधीच मागवून ठेवलेले नवे बसवले. अण्णांना तिनं चाक धरायला लावलं, पण हात आधी साबणानं धुवायला लावले. ते मुकाट्यानं धुऊन आले. बराच वेळ चाक धरून बसल्यावर त्यांनी साखळीकडं बघितलं.

"हिला तरी चालतं का आपलं तेल?"

"न्हाय अप्पा. धूळ धरतं. तिचं वेगळं येतं."

"मग चालतं तरी कशाला?"

"भज्यांना," शिवप्रिया म्हणाली आणि आत बघून आईला हाक मारली. "आई, मिक्सर पण आण इकडं. बघते."

सोमवारी सकाळी ती सायकलवर निघाली. पॅड नवे कोरे होते, चकतीवर घासून बसायचे होते. बसप्पाच्या वळणाला ब्रेक दाबला आणि कर्रर्र आवाजानं सगळी गल्ली दणाणली. कुत्री उठली. बसप्पा दुकानातून बाहेर आला, सवयीनं म्हणाला, "अण्णा, जरा ते..." आणि मधेच थांबला.

"ओरडू दे," अण्णा घाण्याच्या दारातून म्हणाले, पार दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. "ओरडतीय म्हणजे धरतीय. माझ्या पोरीनं केलीय ती."

आत घाण्यात करडई भरून ठेवलेली होती, गिऱ्हाईक किटली घेऊन खोळंबलं होतं. अण्णा तसेच उभे राहिले. सायकल वळणापलीकडं गेली, आवाज थांबला, तेव्हा ते आत गेले आणि मोटरचं बटण दाबलं.