चेम्सफर्डला पाठवलेलं एक वाक्य

दीनानाथांना 'च' म्हणायची चोरी झाली होती. तोंडातून 'च' निघाला रे निघाला की लेक किटलीचं बटण दाबायची. त्यांना चष्मा हवा असो, चादर हवी असो, नाहीतर नुसतं 'चल, बाहेर बसू' म्हणायचं असो, समोर यायचा तो चहाच. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा केला आणि जीभ जड केली. उरलेलं काम विभावरीच्या मायेने पुरं केलं. वाक्य बाबांनी सुरू करायचं आणि तिने संपवायचं, अशी घरात वाटणीच होऊन गेली होती.

विभावरी वाईट नव्हती हो. इथे न्यूझीलंडात, पोरिरुआच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट. दिवसभर लोकांच्या अर्ध्यामुर्ध्या तक्रारींवरून काय हवंय ते ओळखायची सवय, आणि घरी आली तरी पायातली घाई सुटायची नाही. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. डोक्यात शब्द कसे टाकोटाक उभे असायचे, आणि ते ओठांशी पोचेपर्यंत दुसरंच कुणी आपल्या वतीने बोलून मोकळं झालेलं असायचं. त्याचा संताप दीनानाथ रोज गिळत होते, चहाबरोबर.

अशात शेजारचा ग्रॅहम बातमी घेऊन आला. निवृत्त फिटर आणि पक्का हौशी रेडिओवाला. अंगणात तारा ताणून जगभरच्या आपल्यासारख्याच वेड्यांशी मोर्समध्ये गप्पा मारणारा. "किया ओरा, दीना! पुढच्या महिन्यात चेम्सफर्ड हवेत येतंय," माओरी रामराम घालून तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला. "तिथल्या क्लबने जुन्या कारखान्याच्या आठवणीसाठी स्टेशन लावायचं ठरवलंय. फक्त शनिवार-रविवार."

दीनानाथ खुर्चीत ताठ बसले.

चेम्सफर्ड तसं बाजाराचं गाव. इंग्लंडातल्या एसेक्सचे शेतकरी तिथे धान्य आणि गुरं विकायला यायचे. व्हिक्टोरिया राणी अजून गादीवर होती तेव्हा तिथल्या एका जुन्या रेशमाच्या गिरणीत बिनतारी यंत्रांचा कारखाना निघाला, जगातला पहिला. पुढे याच गावातून एका गायिकेचं गाणं हवेत सोडलं, आणि समुद्रापलीकडे लोकांनी ते कानाला यंत्र लावून ऐकलं. घरोघरी जो रेडिओ पोचला, त्याचा पाळणा तिथे हलला.

दीनानाथांचं या गावाशी नातं मात्र दौंडचं. त्यांचे वडील दौंडच्या बिनतारी केंद्रात नोकरीला होते. इंग्लंडहून येणारे संदेश तिथे पकडले जायचे. वडिलांच्या यंत्रावर एक पितळी पट्टी होती, आणि तीवर ते यंत्र जिथे घडलं त्या गावाचं नाव. शाळेत जाण्याआधीच वडिलांनी पोराला कडेवर घेऊन त्या अक्षरांवरून बोट फिरवायला शिकवलं. लोकांची पोरं कॅट आणि रॅट वाचून इंग्रजी शिकली, हे 'चेम्सफर्ड' वाचून शिकले. मोठेपणी तेही त्याच वाटेने गेले. पुण्यात पोरांना मोर्सचं कडकट्ट शिकवण्यात सगळी नोकरी गेली, पण त्या गावाशी बोलायचा योग काही आला नाही.

आता आला होता, आणि काय बोलायचं ते तिथल्या तिथे ठरलं. माझा पहिला इंग्रजी शब्द म्हणजे तुमच्या गावाचं नाव. दौंडला, वडिलांच्या यंत्रावर वाचला. बस्स, एवढंच. पण स्वतःच्या हाताने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही.

"मला... च..." त्यांनी विभावरीला सांगायला सुरुवात केली. किटली लागली.

ठीक आहे, मनात म्हटलं त्यांनी. मग करूनच दाखवतो.

हौशी रेडिओचा परवाना त्यांच्याकडे होताच. सेट ग्रॅहमने दिला, वरच्या बाल्कनीपासून कुंपणातल्या झाडापर्यंत तारही त्यानेच ओढली. मोर्सची की, म्हणजे संदेश ठोकायची दांडी, टेबलाच्या डाव्या बाजूला स्क्रूने पक्की केली, कारण उजव्या हाताचा आता उपयोग नव्हता. डावा हात म्हणजे शुद्ध अडाणी. पहिल्या आठवड्यात त्याने जे काही वाजवलं, ते ऐकून दीनानाथांनी एखाद्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण माणूस हटला नाही. जेवण झालं की की, फिजिओथेरपी झाली की की. "बाबा, दमाल हं. हीप्स वेळ आहे अजून, भरपूर," विभावरी म्हणायची. ते मान हलवायचे आणि पुन्हा सुरू.

शनिवार उजाडला तेव्हा डावा हात असा पळत होता की ग्रॅहम खूश होऊन म्हणाला, "स्वीट अ‍ॅज!"

वेळ दिवेलागणीची. इथे सूर्य बुडतो आणि तिथे उगवतो, त्या सांध्याला थोडा वेळ रेडिओच्या लाटांना जगाला वळसा घालायची वाट मिळते, मग ती बुजते. खाडीपलीकडे टिटाही बेच्या रेडिओ-मनोऱ्यावर तांबडे दिवे लागले. दीनानाथांनी हेडफोन चढवले. चेम्सफर्ड आलं! बारीक, पण स्वच्छ. त्याच्यावर जगभरच्या स्टेशनांची ही झुंबड. दीनानाथांनी फट बघून आपलं नाव फेकलं, झोकात, जुन्या उस्तादाच्या वेगाने.

उत्तर लगेच आलं, आणि त्याच वेगाने. सरसर कानावरून गेलं आणि हाती एक अक्षर लागलं नाही.

पलीकडच्याने पुन्हा पाठवलं, पुन्हा तसंच भरधाव. मेंदू लंगडत मागून धावला, पण गाडी निघून गेली होती. थोडं थांबून त्याने दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं. मग वाट बुजली आणि नुसती खरखर उरली.

दीनानाथांनी हेडफोन काढले. कुणाला दोष देणार? मोर्सवाल्यांची रीत अशी की समोरचा ज्या वेगाने पाठवेल, त्याच वेगाने त्याला उत्तर द्यायचं. म्हणून ते वर्गात घसा फोडून सांगायचे, "कान जेवढा पळतो, तेवढाच हात पळवा!" आणि स्वतः महिनाभर फक्त हात पळवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

विभावरी दारात उभी होती. "जाऊ दे ना बाबा. उद्या ग्रॅहमला पाठवू दे तुमच्यातर्फे. तुम्ही फक्त काय ते..."

"नाही!" डाव्या मुठीने टेबल हादरलं. इतका अखंड शब्द झटक्यानंतर पहिल्यांदाच निघाला होता.

रविवारी दिवेलागणीला विभावरी शेजारी खुर्ची ओढून बसली. ग्रॅहमने हेडफोनच्या जोडीला छोटा स्पीकर लावून दिला होता. दीनानाथांनी आपलं नाव पाठवलं, पण आज हळू, शिकाऊ पोरासारखं. लाज वाटली, कान तापले, तरी हळूच. झुंबडीने ते तुडवलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा तुडवलं. वाट बुजायची वेळ जवळ येत चालली. दात-ओठ खात त्यांनी तिसऱ्यांदा पाठवलं, तेवढंच हळू.

आणि चेम्सफर्डने आपला वेग उतरवला. दीनानाथांच्या पावलाला पाऊल लावून, एकेक अक्षर सुटं करून, त्यांचं नाव परत आलं. प्रत्येक अक्षर समजलं!

त्यांनी वाक्य सुरू केलं. माझा पहिला इंग्रजी शब्द म्हणजे तुमच्या गावाचं नाव, दौंडला, वडिलांच्या...

इथे बोटं आखडली. 'यंत्र' हा शब्द डोक्यात लख्ख होता, पण हात दगड झाला. शांतता पडताच बाकीची स्टेशनं घुसली. संपलं वाटतं याचं, आता आमचा नंबर, असा एकच गलका. विभावरीचा हात आपसूक पुढे गेला आणि टेबलाच्या वरच थांबला. तिला यातलं एक अक्षर येत नव्हतं. बाबांचं वाक्य पुरं करणं आज तिच्या हाती नव्हतं.

तेवढ्यात चेम्सफर्डहून एक छोटा, खणखणीत इशारा आला. दीनानाथांचे डोळे भरले. "त्यांना... सांगतोय," ते लेकीला म्हणाले, "थांबा म्हणून."

सगळी स्टेशनं गप्प झाली. पलीकडून ना घाई, ना विचारणा. पृथ्वीच्या त्या टोकाला कुणी अनोळखी माणूस, बाहेर झुंबड ताटकळत ठेवून, पोरिरुआच्या एका म्हाताऱ्याची वाट बघत बसला. दीनानाथांनी बोटं झटकली, की धरली, आणि उरलेलं पाठवलं. यंत्रावर वाचला.

उत्तर त्याच संथ चालीत आलं. सगळं मिळालं. इथे सर्वांना मोठ्याने वाचून दाखवतोय. मग निरोप, मग खरखर.

दीनानाथ घामाने भिजले होते आणि हसत होते. विभावरीने विचारलं, "काय पाठवलंत हो बाबा एवढं?"

"मी... च..."

तिचा हात किटलीकडे गेला. बटणाला बोट लागलं, आणि तिने ते मागे घेतलं. ती परत येऊन खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवले आणि बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. चष्मा, चादर, चहा, चटणी असे दहा शब्द तिच्या जिभेवर आले असतील. एकही बाहेर आला नाही.

"चे... म्स... फर्ड," दीनानाथ म्हणाले, आणि पुढचं वाक्य हळूहळू सुरू झालं. ते संपायला वेळ लागला. विभावरीने तो लागू दिला.