रिकाम्या कप्प्याचं कौतुक

“ज्या सुईनं गुठळी विरघळवली, ती आबांना रोजच का नाही टोचत?”

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. आबांची नात, जिला घरात सगळे भोंगा म्हणतात, पैज सोडणाऱ्यातली नव्हे. तिनं भर वॉर्डात विचारलंच.

सिस्टर हसल्या. “अगं, ते औषध म्हणजे तुंबलेली मोरी मोकळी करणं. रोज दिलं तर नको तिथं रक्त वाहील. घरी ही बारकी गोळी. ही नवी गुठळी धरू देत नाही. पण एकही दिवस चुकवायची नाही हं!” आणि त्यांनी मला भोंग्याच्या हातात ठेवलं.

मित्रांनो, मी औषधांची डबी. आता जुनी झालेय, वारांची अक्षरंही पुसट झालीत. साच्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, आपल्यात रंगीत मणी ठेवतील. आल्या गोळ्या! आबांना हार्ट अ‍ॅटॅक आला होता एवढं समजलं. पुढचं डोक्यावरून गेलं. रक्त वाहायला हवं की थांबायला? म्हणे दोन्ही!

कौतुक मात्र भरपूर झालं. भोंग्याची आई रोज संध्याकाळी झाकण उघडून म्हणायची, “कप्पा रिकामा! शहाणे झाले हो आबा.” मी फुलून जायची.

एका सकाळी दाढी करताना आबांना कापलं. रक्त थांबता थांबेना. तेव्हापासून ते बारकी गोळी उचलायचे नि दाढीच्या ब्रशच्या पेल्यात टाकायचे. कप्पा रिकामाच, कौतुकही तेच. मी खरं सांगत होते की खोटं? मला काही उमगेना.

एकदा भोंग्यानं तो पेला विसळायला घेतला. तळाशी गोळ्यांचा चिखल!

“आबा, हे काय?”

“ओरडू नकोस गं. रक्त वाहून मरेन मी या गोळीनं.”

“आणि पुन्हा गुठळी झाली तर?”

भोंग्यानं तिथल्या तिथे सिस्टरांना फोन लावला.

“मनानं गोळी बंद करायची नाही,” सिस्टर म्हणाल्या. “कापलं तर कापूस दाबून धरा. शी काळी झाली तर पोटात रक्त वाहतंय समजून लगेच या. आणि आजच डॉक्टरांना दाखवा.”

डॉक्टरांनी आबांना तपासलं आणि गोळी पुन्हा सुरू केली.

मित्रांनो, वाहणं आणि थांबणं यांचा हिशेब मला अजून जमत नाही. पण माझा रिकामा कप्पा बघून निर्धास्त होऊ नका. ज्याची गोळी आहे त्याला जवळ बसून विचारा, भीती वाटते का.

घरी आल्या आल्या भोंगा वाजलाच, “आई, बाबा, ठरलं! उद्यापासून आबांची दाढी मी करणार, मशीननं. आधी माझ्यासमोर गोळी, मग दाढी!”