डब्याला फुटलेला पान्हा

राजुरीत सुभाषचा गोठा बघायला माणसं मुद्दाम येत. खाली रबरी मॅट, वर पंखे, भिंतींना चुना, दारावर गणपती. ‘राव, आमच्या घरातबी एवढी टापटीप नाय,’ म्हणत पाहुणे चहा पिऊन जात. कोनाड्यातल्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नसे. नूतनचं गेलं.

नूतन म्हणजे सुभाषची बायको. पहिलं बाळंतपण माहेरी, येडगावला झालं. तीन महिन्यांच्या संस्कृतीला घेऊन ती सासरी परतली तेव्हा बिजली म्हैस नुकतीच व्याली होती. नाव बिजली, पण उठून उभं राहायला तिला पाव तास लागे. नूतनच्या खोलीची आणि गोठ्याची भिंत एकच. पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला सुभाष धारेला बसे, आणि नेमकी त्याच वेळी संस्कृती दुधासाठी जागी होई. पलीकडे पत्र्याचा डबा खडखडे, थोड्या वेळाने चरवीत धार वाजू लागे. अलीकडे नूतन पोरीला पदराखाली घेई. घरात दोघी लेकुरवाळ्या, दोघींची वेळ एक, याचं तिला पहिले काही दिवस कौतुकही वाटलं.

मग एका संध्याकाळी ती नवऱ्याचा चहा घेऊन गोठ्यात गेली आणि तिने डबा उघडा पाहिला. आत बिनलेबलची प्लॅस्टिकची बाटली आणि एक सिरिंज. सुई कधी बदलली होती देव जाणे. मुळाशी गंज, वर वाळलेलं रक्त. सुभाषने ती पायजम्याला पुसली आणि बिजलीच्या मानेत खुपसली. ती मान तरी कुठे राहिली होती, नुसत्या गाठीच गाठी. एका गाठीतून पू वाहत होता आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. मिनिटभरात बिजलीने पान्हा सोडला, आणि हा बहाद्दर शिट्टी वाजवत धार काढू लागला. नूतनच्या हातातला चहा त्याच दुधाचा होता. तिने तो गटारात ओतला.

“हिचं रेडकू कुठंय?” तिने विचारलं.

“मागं बांधलंय. नर हाय त्यो. नराला दूध पाजून काय त्याची आरती करायची?”

मागे कडब्याच्या गंजीआड रेडकू पडलं होतं. बरगड्या वर आलेल्या, शेपटीला हगवण वाळून चिकटलेली, डोळ्यांत चिपडं. नूतनने बोट पुढे केलं तसं त्याने ते तोंडात धरलं आणि चोखू लागलं. तिची सासू गोजरबाई लेकाची नजर चुकवून दिवसातून एकदा त्याला पिठाचं पाणी पाजत होती. एवढ्यावरच ते जिवंत होतं.

“आत्या, हे मरंल अशानं.”

“मरंलच,” गोजरबाई म्हणाली. “आमच्या येळंला सुई नव्हती बाई. रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरायचा, मीठ चोळायचं आन् म्हशीपुढं ठिवायचं. चाटत बसायची बिचारी, आन् पान्हवायची. लबाडी तवाबी व्हती. पर आमी मुद्दाम मारत नव्हतो गं.”

नूतनला पेंढ्याच्या रेडकाचीही शिसारी आली. पण सासूवर तिला राग धरवेना, कारण त्या घरात रेडकाला पाणी दाखवणारी तेवढी एकच होती.

पुढच्या आठवड्यात जनावरांच्या डॉक्टर साधना मॅडम लस टोचायला आल्या. सुभाषने डबा आधीच लपवला होता आणि तोंड भरून हसत खुर्ची पुसत होता. नूतनने मॅडमना फाटकाशी गाठून सगळं सांगितलं.

“ऑक्सिटोसिन आहे ते,” मॅडम म्हणाल्या. “मूळचं मेंदूतच तयार होतं. पिल्लाचा वास आला, त्याने कासेला ढुशी दिली, की मेंदू ते रक्तात सोडतो आणि पान्हा येतो. नुसतं दूधच नाही, हे माझं पोर ही ओळख पटायलाही त्याचीच मदत होते. रोज बाहेरून टोचत राहिलं की म्हैस सुईवाचून पान्हवेनाशी होते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते वापरायला बंदी आहे. मी त्यांना बजावते.” मग म्हणाल्या, “तुला बाळंतपणात कळांसाठी सलाईन लावलं होतं? त्यातही हेच असतं.”

लावलं होतं. एक कळ ओसरायच्या आत दुसरी, श्वास घ्यायला फट नाही. नूतनला ते आठवलं. पण तिथे गरज होती, थेंब मोजून दिला होता, नर्स हात धरून बसली होती. इथे एक माणूस शिट्टी वाजवत दिवसातून दोनदा टोचतोय. आपण ज्याच्या ताटात वाढतो तो हाच, या विचाराने तिने त्या दिवशी स्वतःचं ताट बाजूला सारलं.

मॅडमनी बजावलं. सुभाष “व्हय व्हय” म्हणाला, आणि संध्याकाळी डबा पुन्हा वाजला.

रात्रीच्या जेवणाला नूतनने विषय काढलाच. “सकाळची धार मी काढणार. सुई न्हाई. आधी रेडकू कासेला सोडून.”

“आन् न्हाई पान्हवली तर?”

“तर मी परत तोंड उघडणार न्हाई.”

“तेवढ्यानं भागायचं न्हाई. रेडकू उद्याच कसायाच्या गाडीत जाईल. कबूल?”

“कबूल,” नूतन म्हणाली. “पर पान्हवली तर रेडकू हितंच राहील.”

तिला खात्री होती. आई ती आई, असं ती धरून चालली होती, आणि तिथेच तिचं चुकलं. सकाळी गोजरबाई पिऊन परत झोपलेल्या संस्कृतीला खांद्यावर घेऊन दारात उभी राहिली. नूतनने रेडकू सोडलं. ते लटपटत आईकडे गेलं. बिजलीने त्याला हुंगलं आणि लाथ मारली. दुसऱ्यांदा शिंगाने ढकललं. दीड महिना ज्याला सुभाषने जवळ येऊ दिलं नव्हतं, ते तिच्या लेखी कुणीतरी परकं जनावर होतं. रेडकू शेणात कोलमडलं आणि तिथेच पडून राहिलं. नूतनने कोमट पाण्याने कास धुतली, तेलाचा हात फिरवला, गोंजारलं, हातापाया पडली. अर्धा तास झाला तरी सडात थेंब नाही.

सुभाष दातांना मिशरी लावत हे सगळं बघत होता. काळी पिंक टाकून तो कोनाड्याशी गेला. डबा उघडला नाही. नुसता हलवला.

बिजलीचे कान वळले. शेपूट उचललं गेलं, डोळे अर्धवट मिटले, आणि चारी सडांतून दूध आपोआप ठिबकायला लागलं. स्वतःच्या पोटच्या पोराला लाथ, आणि त्याला उपाशी मारणाऱ्याच्या डब्याला पान्हा!

आणि तेवढ्यात नूतनच्याच छातीत ती ओळखीची कळ आली. ब्लाउज ओला झाला. पोर रडली नव्हती, हललीही नव्हती, आजीच्या खांद्यावर गाढ झोपली होती. सहा आठवडे तो डबा भिंतीपलीकडे वाजत होता, आणि नूतनच्या मेंदूनेही तिला न विचारता तो लक्षात ठेवला होता.

सुभाषने ते पाहिलं. “आरारारा! आये, बघ, बघ! हिलाबी पान्हा फुटला डब्याला!” मिशरीने काळं झालेलं तोंड उघडून तो खदाखदा हसला. मग त्याने डबा पुन्हा हलवला. या वेळी तो म्हशीकडे बघत नव्हता, बायकोच्या छातीकडे बघत होता. आणि दूध पुन्हा आलं.

नूतनला त्याची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या अंगाची.

“सुभाष, ठिव त्यो डबा,” गोजरबाई म्हणाली. ती हसत नव्हती.

खाली शेणात पडलेल्या रेडकाच्या नाकावर दुधाचा थेंब पडला होता. ते धडपडत उठलं आणि त्याने सड तोंडात धरलं. बिजली अजून गुंगीत होती. तिने लाथ मारली नाही.

नूतन उठली. तिने नवऱ्याच्या हातातून डबा हिसकावला, बाटली आणि सिरिंज संडासाच्या टाकीत टाकली, रिकाम्या डब्यात मूठभर हरभरे घातले आणि बिजलीच्या कानाशी वाजवला. सडं पुन्हा पाझरली. रेडकू पोट टम्म होईस्तोवर प्यायलं. उरलेलं दूध नूतनने चरवीत काढलं.

“सुई टोचली न्हाई, म्हैस पान्हवली. रेडकू कुठं जाणार न्हाई.”

“डब्यानं पान्हवली, तुझ्यानं न्हाई,” सुभाष म्हणाला.

“व्हय. म्हणून डबा आता माझ्यापाशी राहील.”

त्याला ते लागलं असावं. संध्याकाळी जेवताना त्याने वाटीवर चमचा वाजवला, तिच्याकडे तिरकं बघितलं आणि हसला.

नूतनने भाकरी परातीत ठेवली. “अजून एकदा वाजवा,” ती म्हणाली, “मी पोरीला आन् डबा घिऊन येडगावला जाते. मग बसा वाजवत. हितं पान्हवायला कुणी उरणार न्हाई.”

सुभाषने आईकडे पाहिलं. गोजरबाईने त्याच्या हातातून चमचा काढून घेतला आणि सुनेच्या ताटात आमटी वाढली.