सासूबाईंचं नाक

मित्रांनो, मी एक जुनी चिंधी आहे. नाक मुरडू नका! जन्मानं मी उशीचा अभ्रा. पांढराशुभ्र, कडेला नक्षी. एकदा शिवण उसवली आणि घरातल्या सूनबाईंनी मला टरकन फाडलं. वाटलं, संपलं सगळं. पण छे! सूनबाई होत्या चित्रकार. त्यांनी माझ्यावर ब्रश पुसला आणि मी निळी झाले. मग पिवळी, मग लाल. अभ्रा असताना माझे असे लाड कोण करणार होतं?

काम सुरू करण्याआधी त्या विचारायच्या, "माझी चिंधी कुठंय?" मी अशी फुलून जायचे! त्या मजेत रंगवायच्या, चुकलं तर मी पुसायचे, की पुन्हा सुरू.

पुढे एका प्रदर्शनात त्यांचं फार कौतुक झालं आणि त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं. आता प्रत्येक चित्र अगदी बिनचूकच हवं! रंगवणं कमी, पुसणंच जास्त. माझा भाव वधारला खरा, पण त्यांचा चेहरा उतरत चालला. मला ते मुळीच आवडलं नाही.

सासूबाईंचं चित्र तर रखडतच गेलं. डोळे जमले, हनुवटी जमली, गाडं अडलं नाकाशी. सूनबाई नाक काढायच्या, "शी, वाकडं झालं," म्हणायच्या आणि मला फिरवायच्या. खरं सांगू? सासूबाईंचं नाक मुळात वाकडंच आहे. पण चिंधीचं कोण ऐकतंय!

एका सकाळी पुन्हा नाक पुसून त्यांनी मला स्टुलावर फेकलं आणि रंगांची पेटी बंद केली.

"आई, मला नाही जमत. ब्रश हातात घ्यावासाच वाटत नाही. मी चित्रं काढणं सोडतेय." आणि त्या रडायलाच लागल्या.

सासूबाईंनी चित्रातला आपला बिननाकाचा चेहरा नीट न्याहाळला.

"अगं, तू लग्न होऊन आलीस तेव्हा लोक म्हणाले, ही सून तुमचं नाक कापणार. मी म्हटलं, छट्! आणि तू तर रोज कापतेस की!"

सूनबाईंना रडता रडता फिसकन हसू आलं. तेवढ्यात सासूबाई स्टुलावर बसल्या. म्हणजे माझ्यावरच!

"आई, उठा! चिंधी ओली आहे, कपडे खराब होतील!"

"होऊ देत. नाक लागल्याशिवाय मी उठत नाही. काढ, आणि येईल तसं राहू दे."

मला काही दिसेना, जीव नुसता गुदमरला. पण पेटी उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं सूनबाई ओरडल्या, "आई, हसू नका ना! नाक हलतंय!"

सासूबाई उठल्या तेव्हा चित्रात नाक होतं. चांगलंच वाकडं.

"अगंबाई, ही तर मीच!" सासूबाई म्हणाल्या. सूनबाईंनी कोपऱ्यात सही ठोकली आणि लगेच नवा कागद लावला.

मित्रांनो, तुम्हीही चित्रं काढा. पुसायला चिंधी जवळ असू द्या, तिला जपा. पण ती फारच पुढे पुढे करायला लागली, तर खुशाल तिच्यावर बसा. आम्हाला राग येत नाही.